आधी ढवळा

पुण्याहून आलेल्या पोरानं
पडद्यावर दोन दांड्या उभ्या केल्या.
हिरवी त्यांची, छताला टेकलेली.
राखाडी आमची,
तोडणीनंतर रानात राहिलेल्या उसाच्या बुडख्याएवढी.
वर लिहिलेलं : चोपन्न पट वेगवान.

दूध संघाच्या हॉलमध्ये साहेबांनी चष्मा पुसला.
खरेदीवाले सूर्यवंशी म्हणाले, "चोपन्न? लई झालं की."
मी चहावरची साय बोटानं बाजूला केली
आणि पडद्याच्या पार तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं वाचलं :
सगळा डेटा मेमरीत मावणारा.
नुसतं वाचायचं, लिहायचं जवळजवळ काहीच नाही.
जे लिहिलं ते डिस्कवर पोचलं का,
हे विचारणं बंद ठेवलेलं.
आणि आमचा डेटाबेस सहा वर्षांपूर्वीचा,
खोक्यातनं काढला तसाच,
एका सेटिंगलाही हात न लावता.

माझा बाप भोगावतीकाठच्या डेअरीत
फॅट काढायचा.
पहाटे पाचला कॅन यायचे.
हौसाबाई चौगले रोज म्हणायची,
"वरनंच घे की रं दत्तू,
खाली कशाला हात घालतोस?"
बाप उत्तर द्यायचा नाही.
प्लंजर आत सोडायचा, वर-खाली, वर-खाली,
दहा वेळा, ओठांत मोजत,
मग मापटं बुडवायचा.
सहा वाटणारं दूध तीन-आठ निघायचं.
ती शिव्या घालायची
आणि दूधही तिथंच घालायची.

म्हणून मी विचारलं,
"पत्की, तुम्ही ढवळलं होतं का?"

त्याला कळेना. मग सांगितलं,
दर दहा दिवसांनी बिल निघतं आमचं.
हजारभर संस्था एकाच सकाळी येतात,
तेवढ्यात राधानगरीकडची लाइन जाते,
आली की तीन तासांचं दूध एकदम येऊन आदळतं.
पेंडीची कपात. डॉक्टरची व्हिजिट. मागची उचल.
एकाच गावात अकरा आनंदा पाटील,
त्यातल्या दोघांचा खाते नंबर एकच,
कुणी केलं ते रिटायर होऊन गेले.
शिवाय आमचे म्हेतर वर्षाचा अहवाल उघडतात
आणि तो तसाच चालू ठेवून जेवायला जातात.
हे सगळं घाला त्यात.
मग दांडी उभी करा.

"मॅडम, टेस्ट हेड ऑफिसची आहे," तो म्हणाला.
आणि नंतर जिन्यात, हळू आवाजात,
"आम्हाला तो आकडा तयारच येतो."
नवे बूट चावत होते त्याला,
एकेक पायरी तिरका उतरत होता.

मला हसायचं होतं.
पण गेल्या मार्चात मीच लिहून दिलं होतं :
नव्या पद्धतीनं बिल चार मिनिटांत.
चार मिनिटं खोटी नव्हती.
रविवारची दुपार होती,
ऑफिसला कुलूप होतं,
सर्व्हरवर मी एकटी,
आणि ती तिसरी खेप होती.
पहिल्या दोन मी धरल्याच नाहीत.
साहेबांनी वार्षिक सभेत ते वाचून दाखवलं.
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या.

पत्कीला दिवाळी बोनसच्या दिवसाची फाइल दिली,
नावं खोडून.
म्हटलं, ह्याच्यावर पळवा. आमच्या मशीनवर.
म्हेतरांना जेवायला पाठवते.
आणि पहिली खेप पण धरायची.
सोमवारी कळवतो म्हणाला.
तीन सोमवार झाले.

मधल्या काळात
मी आमचंच पळवून बघितलं, बिलाच्या दिवशी,
सकाळी सव्वादहाला, सगळे आत असताना.
एकोणपन्नास मिनिटं.
अहवालातले चार खोडून
शेजारी एकोणपन्नास लिहिलं, तारीख घातली, सही केली.

फाइल साहेबांच्या टेबलावर आहे.
वर काचेचा पेपरवेट ठेवलाय त्यांनी.
रोज जाता-येता बघते,
अजून तसाच आहे.